पुरवठा करारातलं ‘कंपनी रीतसर अस्तित्वात आहे, सहीचा अधिकार आहे’ हे कलम: भागीदारी फर्मने काय लिहून द्यावं, समोरच्याचं काय तपासावं?

ताणाबाणा_सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचं युनिट आहे. नोंदणीकृत भागीदारी फर्म, चार भागीदार. मुंबईच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने तीन वर्षांच्या पुरवठा कराराचा मसुदा पाठवलाय. हॉटेलांसाठी माल, बॉर्डरवर त्यांचा लोगो जकार्डमध्ये विणलेला. प्रत्येक ऑर्डरीला ३० टक्के आगाऊ, बाकी रक्कम माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत.

दर, जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये वजन), रंगाचा पक्केपणा, सगळं ठरलंय. गाडी अडलीय कलम ७ वर, ‘रिप्रेझेंटेशन्स अँड वॉरंटीज’, म्हणजे एकमेकांना लिहून दिलेली कथनं आणि हमी. दोन्ही पक्षांनी एकमेकांना लिहून द्यायचंय की आपण ‘ड्युली इनकॉर्पोरेटेड, व्हॅलिडली एक्झिस्टिंग अँड इन गुड स्टँडिंग’ आहोत, करार करण्याचा पूर्ण ‘कॉर्पोरेट पॉवर अँड ऑथॉरिटी’ आहे, सही करणाऱ्याला रीतसर अधिकार दिलाय, या कराराने दुसरा कुठलाही करार किंवा कायदा मोडत नाही, करार आपल्यावर बंधनकारक आणि अंमलबजावणीयोग्य आहे, आणि कुठली दिवाळखोरीची कारवाई चालू नाही.

प्रश्न तीन. आम्ही फर्म आहोत, हे जसंच्या तसं सही करून चालेल का? त्यांच्याकडून सही ‘हेड – सोर्सिंग’ (खरेदी विभागाचे प्रमुख) करणार आहेत, त्यांना अधिकार आहे हे कसं तपासायचं? आणि यातलं एखादं वाक्य उद्या खोटं निघालं तर हातात काय राहतं? लवाद मुंबईत, हेही मसुद्यात आहे.

कोर्टरोड_वकील

जसंच्या तसं सही करू नका. भागीदारी फर्म ‘इनकॉर्पोरेट’ होतच नाही. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ खाली तिची नोंदणी होते आणि ती भागीदारांहून वेगळी कायदेशीर व्यक्ती नाही. म्हणजे कलम ७ चं पहिलंच वाक्य तुमच्या बाबतीत सहीच्या दिवशीच चुकीचं ठरतं. पुढे मालाच्या क्वालिटीवर वाद झाला की समोरचा वकील आधी हेच वाक्य काढेल. कंपन्यांच्या कायदा विभागात एक साचा ठरलेला असतो, तोच सगळ्यांना जातो. दुरुस्ती मागितली तर कुणी रागावत नाही.

तुमच्या बाजूचं वाक्य साधारण असं करून घ्या: ‘विक्रेता ही भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ खाली नोंदलेली फर्म असून तिचा नोंदणी क्रमांक अमुक आहे, सहीच्या तारखेला तिचे भागीदार परिशिष्ट अ मध्ये दिल्याप्रमाणे आहेत, या करारावर, त्यातील लवाद-कलमासह, सही करण्याचा लेखी अधिकार सर्व भागीदारांनी अमुक भागीदारास दिला आहे.’ ‘कॉर्पोरेट पॉवर’मधला ‘कॉर्पोरेट’ काढून टाका.

‘लवाद-कलमासह’ हे शब्द गाळू नका. भागीदारी अधिनियमाच्या कलम १९(१) खाली फर्मच्या नेहमीच्या धंद्यातल्या व्यवहारासाठी एका भागीदाराची सही फर्मला बांधते, त्याला गर्भित अधिकार म्हणतात. पण १९(२) मध्ये काही गोष्टी त्यातून बाहेर ठेवल्यात: वाद लवादाकडे नेणं, फर्मतर्फे स्वतःच्या नावाने बँक खातं उघडणं, फर्मचा दावा तडजोडीत सोडणं, दाखल केलेला दावा मागे घेणं, फर्मविरुद्धच्या दाव्यात जबाबदारी कबूल करणं, स्थावर मालमत्ता घेणं किंवा देणं, फर्मतर्फे दुसऱ्या भागीदारीत शिरणं. व्यापारातली रूढी वेगळी असेल तर गोष्ट निराळी, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करत बसावी लागते. एकट्या भागीदाराने लवादाचं कलम असलेल्या करारावर सही केली आणि ‘मला पूर्ण अधिकार आहे’ असंही लिहून दिलं, तर त्याने स्वतःच्या हाताने खोटं कथन केलं. बाकीच्यांनी नंतर वागण्यातून ते मान्य केलं असा युक्तिवाद करता येतो. पण चौघांच्या सह्यांचं एक पानी अधिकारपत्र जोडलं की तो वादच उभा राहत नाही.

दुसरं, रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडचा उतारा आजच काढा. नोंदणी आहे एवढं पुरत नाही, उताऱ्यावर आज प्रत्यक्ष असलेले भागीदार दिसतात का ते पाहा. सोलापुरात जुन्या फर्म्समध्ये हे सर्रास आढळतं: वडील निवृत्त झाले, मुलगा आला, भागीदारीचं डीड (करारपत्र) नवं झालं, बँकेत आणि जीएसटीत नावं बदलली, पण रजिस्ट्रारकडे बदलाची सूचना गेलीच नाही. कलम ६९(२) प्रमाणे करारावरून तिऱ्हाइताविरुद्ध दावा लावायचा तर फर्म नोंदलेली हवी आणि दावा लावणाऱ्यांची नावं नोंदवहीत भागीदार म्हणून हवीत. हे दावा दाखल करण्याच्या दिवशी पूर्ण असायला लागतं. दावा लावून मग नोंदणी केली तर तो दावा वाचत नाही. वसुलीच्या वेळी हेच आडवं येतं.

डीडमध्ये आणखी दोन गोष्टी पाहा. भागीदार वारला तर फर्म विसर्जित होते की चालू राहते? कलम ४२ प्रमाणे वेगळं ठरलेलं नसेल तर विसर्जित होते. तीन वर्षांच्या करारात ‘फर्म अस्तित्वात आहे’ हे कथन यावर उभं आहे. आणि एखाद्या भागीदाराच्या सहीवर रकमेची मर्यादा आहे का? ‘५ लाखांवरच्या व्यवहाराला दोन सह्या’ असं काहींच्या डीडमध्ये असतं आणि सगळे विसरलेले असतात.

सही फर्मच्या नावाने करा, ‘अमुक अँड कंपनीकरिता, भागीदार’ अशी. कलम २२ हेच सांगतं. नुसती स्वतःच्या नावाची सही आणि वर रबरी शिक्का, हे अर्धवट काम.

सीएस_पुणे

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. क्रम पाळा. आधी कंपनी आहे का, मग तिचे संचालक कोण, मग त्यांनी सही करणाऱ्याला अधिकार दिला का. लोक थेट तिसऱ्यावर जातात आणि फसतात ते पहिल्यात.

मसुद्यातलं नाव, सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक), पॅन आणि जीएसटीआयएन (जीएसटी क्रमांक) चारही शेजारी ठेवून जुळवा. सीआयएन २१ अक्षरांचा असतो: पहिलं अक्षर एल म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली आणि यू म्हणजे न नोंदलेली, मग पाच आकडे उद्योगाचे, दोन अक्षरं राज्याची, चार आकडे स्थापनेच्या वर्षाचे, तीन अक्षरं प्रकाराची (खासगी कंपनीला पीटीसी), शेवटी सहा आकडे नोंदणीचे. जीएसटीआयएनचं सहावं अक्षर तर बघाच. ते पॅनचं चौथं अक्षर असतं: सी असेल तर कंपनी, एफ असेल तर फर्म किंवा एलएलपी, पी असेल तर व्यक्ती, एच असेल तर अविभक्त कुटुंब. मसुद्यात ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि बिलासाठी दिलेल्या जीएसटीआयएनमध्ये सहावं अक्षर पी, म्हणजे करार एकाशी आणि माल उचलणार दुसराच, बहुधा संचालकाची स्वतःची प्रोप्रायटरी. जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये कायदेशीर नाव, धंद्याचा प्रकार आणि नोंदणी चालू, निलंबित की रद्द, सगळं फुकट दिसतं.

मग एमसीए, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, पोर्टलवर कंपनीचा मास्टर डेटा, म्हणजे मूळ नोंदी. स्टेटस ‘अ‍ॅक्टिव्ह’ पाहिजे. ‘स्ट्राइक ऑफ’ (नाव काढलेलं), ‘अंडर प्रोसेस ऑफ स्ट्रायकिंग ऑफ’, ‘डॉरमंट’ (सुप्त), ‘अंडर लिक्विडेशन’ (गुंडाळली जातेय), ‘अंडर सीआयआरपी’ (दिवाळखोरीची प्रक्रिया चालू), ‘अमॅल्गमेटेड’ (दुसरीत विलीन) यांपैकी काही दिसलं तर थांबा. ‘अ‍ॅक्टिव्ह नॉन-कम्प्लायंट’ हा वेगळा शेरा आहे, तो नोंदणीकृत पत्त्याच्या अर्जाशी, म्हणजे आयएनसी-२२ए शी जोडलेला असतो. कंपनी जिवंत असते पण घर अस्ताव्यस्त आहे एवढं कळतं. शेवटची वार्षिक सभा आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा, तेही तिथेच. तीन वर्षं सलग ताळेबंद किंवा वार्षिक विवरण भरलेलं नसेल तर कंपनी अधिनियमाच्या कलम १६४(२) खाली संचालक पाच वर्षांसाठी अपात्र होतात. कंपनी २ नोव्हेंबर २०१८ नंतर स्थापन झालेली असेल तर आयएनसी-२०ए, म्हणजे धंदा सुरू करण्याच्या घोषणेचा अर्ज, भरलाय का ते विचारा. तो १८० दिवसांत भरायचा असतो आणि तोवर कंपनीला धंदा सुरू करता येत नाही किंवा कर्ज काढता येत नाही.

‘गुड स्टँडिंग’ची आपल्या कंपनी कायद्यात व्याख्या नाही. म्हणून करारातच व्याख्या घालून घ्या: स्टेटस अ‍ॅक्टिव्ह, मागच्या दोन वर्षांची वार्षिक विवरणं भरलेली, नाव काढून टाकण्याची नोटीस आलेली नाही. त्यांना हरकत नसावी. हरकत असेल तर तीच माहिती समजा.

१०० रुपये फी भरून कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं उघडता येतात. मेमोरँडम (कंपनीची घटना), आर्टिकल्स (तिचे अंतर्गत नियम), शेवटचा ताळेबंद, संचालक बदलाचे अर्ज आणि चार्जेसची (तारण-कर्जांची) यादी एवढं उतरवून घ्या. आर्टिकल्समध्ये ‘करारावर दोन संचालकांच्या सह्या’ असं काही आहे का, ते शोधा. सार्वजनिक दस्त तुम्हाला माहीत आहे असंच कायदा धरतो. आतला ठराव खरंच झाला का, हे मात्र तुम्ही तपासावं अशी अपेक्षा नाही. १८५६ च्या टर्क्वंड खटल्यापासून हा नियम चालत आलाय. पण सही बनावट असेल, किंवा शंका यावी अशी परिस्थिती असूनही तुम्ही विचारलं नसेल, तर हे कवच नाही. ‘हेड – सोर्सिंग’ने तीन वर्षांचा करार सही करणं ही शंका यावी अशीच गोष्ट आहे. खरेदीची ऑर्डर काढणं त्यांच्या पदात बसतं; कंपनीला तीन वर्षं, नुकसानभरपाईच्या कलमासह बांधणं बसतंच असं नाही.

कंपनी अधिनियम, २०१३ चं कलम २१ सांगतं की कंपनीतर्फे करारावर सही केएमपीने (एमडी, कंपनी सेक्रेटरी अशा मुख्य अधिकाऱ्याने) किंवा संचालक मंडळाने अधिकार दिलेल्या अधिकारी-कर्मचाऱ्याने करायची. म्हणून बोर्ड ठरावाची प्रमाणित प्रत घ्या. ती पोर्टलवर सापडणार नाही, पुरवठा कराराचे ठराव तिथे दाखल होत नाहीत. त्या प्रतीत बघायचं: कंपनीचं नाव आणि सीआयएन बरोबर आहे का, सभेची तारीख सहीच्या आधीची आहे का, तुमच्या कराराचं नाव, समोरचा पक्ष आणि साधारण मूल्य लिहिलंय का, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, खाली नमुना सही आहे का. आणि प्रमाणित करणारा माणूस सही करणाऱ्याहून वेगळा, संचालक किंवा कंपनी सेक्रेटरी, डीआयएन (संचालक क्रमांक) किंवा सभासद क्रमांकासह. स्वतःच्या अधिकारावर स्वतःच शिक्का मारलेला ठराव घेऊ नका. तो डीआयएन मास्टर डेटातल्या संचालकांच्या यादीत त्या तारखेला आहे का, हेही जुळवा. खासगी कंपनीत बोर्डाच्या सभेला किमान दोन संचालक लागतात. उपस्थितीत एकच नाव असेल तर ती सभाच झाली नाही. अपवाद एकव्यक्ती कंपनीचा.

कॉमन सील मागू नका. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ते ऐच्छिक आहे.

कॅशक्रेडिट

वर सगळे अधिकारावर बोलले. माझ्या मते तुमच्यासाठी जास्त धोक्याचं वाक्य चौथं आहे: ‘या कराराने दुसरा कुठलाही करार मोडत नाही.’ तुमची सीसी लिमिट (बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा) असणारच, आणि साठा व येणं बँकेकडे हायपोथिकेट (ताबा न देता तारण) असणारच. सँक्शन लेटर आणि हायपोथिकेशन डीड काढून बसा. त्यात बहुतेक ठिकाणी असतं की बँकेच्या लेखी परवानगीशिवाय तारण मालावर दुसरा हक्क निर्माण करायचा नाही, दुसऱ्याला हमी द्यायची नाही, फर्मच्या घटनेत बदल करायचा नाही.

आता खरेदीदाराच्या मसुद्यात आगाऊ रकमेचं कलम वाचा. ‘आगाऊतून घेतलेलं सूत व अर्धवट तयार माल खरेदीदाराच्या मालकीचा राहील’ किंवा ‘आगाऊ फिटेपर्यंत खरेदीदाराचा मालावर लीन राहील’ (म्हणजे माल अडवून ठेवण्याचा हक्क) असं काही आहे का? असेल तर एकाच गोडाऊनमधल्या त्याच सुताच्या कोनांवर दोघांचा हक्क. सही केली त्या क्षणी कलम ७ चं कथन खोटं, आणि बँकेच्या अटीचाही भंग. बँक खातं गोठवते ते नंतरचं, आधी स्टॉक स्टेटमेंटमधून तो माल वजा होतो आणि ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून उचलता येणारी रक्कम, खाली येते.

उपाय तीन, यांतला पहिला सोपा: मालकी आणि लीनचं कलमच काढून घ्या, आगाऊ रक्कम बिलातून वळती होईल एवढंच ठेवा. ते ऐकत नसतील तर बँकेची ना-हरकत घ्या. शाखेतून झोनल ऑफिसला फाइल जाते, वेळ लागतो, म्हणून सहीच्या आधी अर्ज टाका. किंवा डिस्क्लोजर शेड्यूलमध्ये, म्हणजे आधीच उघड करायच्या गोष्टींच्या परिशिष्टात, बँकेचं नाव, मंजुरीपत्राची तारीख आणि हायपोथिकेशन स्पष्ट लिहा आणि कलम ७ च्या सुरुवातीला ‘परिशिष्टात नमूद गोष्टी वगळून’ हे शब्द घाला. उघड केलेली गोष्ट नंतर खोटं बोलल्याचा पुरावा होत नाही.

खरेदीदाराच्या बाजूने चार्जेसची यादी पाहिलीत तर एक अंदाज येईल: कोणत्या बँकेचं किती कर्ज, कधी नोंदलं, फिटलंय का. ४५ दिवसांची उधारी कुणाला देतोय ते कळतं.

चाटीगल्ली

मालक, एवढं वाचून टॉवेल विणायचं राहून जाईल. हॉटेलवाल्यांचा माल आहे, ५० टक्के आगाऊ घ्या, उरलेले माल ट्रान्सपोर्टला टाकायच्या आधी. ठराव-बिराव घेऊन पैसे येत नाहीत.

कोर्टरोड_वकील

साधा प्लेन टॉवेल असता तर मीही हेच म्हणालो असतो. पूर्ण पैसे आधी आले तर अधिकाराचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. इथे लोगो विणलेला माल आहे. ऑर्डर नाकारली तर तो माल दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, सेकंड्सच्या भावातही लोगो आडवा येतो. आणि समोरची बाजू ५० टक्के द्यायला तयार असती तर मसुद्यात ३० आलं नसतं.

ताणाबाणा_सोलापूर

सगळ्यांचे आभार. उतारा मागवलाय. लीनचं कलम आहे, ते काढायला सांगितलं.

कंपनीला बोर्ड ठराव मागितला. त्यांनी दोन कागद पाठवले. एक, जीएसटीसाठी ‘ऑथोराइज्ड सिग्नेटरी’ नेमल्याचं पत्र, त्यात याच हेड-सोर्सिंगचं नाव आहे. दुसरा, मॅनेजिंग डायरेक्टरने त्यांना दिलेलं मुखत्यारपत्र. ‘बोर्ड ठराव गोपनीय असतात’ असं उत्तर आलं. करार आधार ई-साइनने करायचा म्हणतात.

सीएस_पुणे

जीएसटीचं पत्र बाजूला ठेवा. त्याने पोर्टलवर विवरणं भरण्याचा अधिकार मिळतो, करार करण्याचा नाही. बँक खातं चालवण्याचा ठरावही लोक असाच पुढे करतात, तोही चालत नाही.

मुखत्यारपत्र उपयोगी पडू शकतं, पण ती साखळी आहे. मॅनेजिंग डायरेक्टरला असे करार करण्याचा अधिकार कुठून आला, आणि तो पुढे सोपवण्याची मुभा आहे का? ज्याला काम सोपवलंय त्याने ते मुभेशिवाय दुसऱ्याकडे ढकलायचं नाही, हे करार अधिनियमाच्या कलम १९० मध्येच आहे. म्हणजे मुखत्यारपत्र घेतलंत तरी एमडीला अधिकार देणारा ठराव लागणारच. पत्रातली मर्यादाही पाहा: रक्कम, मुदत, ‘खरेदी ऑर्डर’ लिहिलंय की ‘करार’, आणि नुकसानभरपाई व लवाद मान्य करण्याचा उल्लेख आहे का.

गोपनीयतेवर सोपा तोडगा आहे. पूर्ण इतिवृत्त कुणी मागत नाही. त्या एका ठरावाचा प्रमाणित उतारा द्या म्हणा, बाकीचे विषय त्यात येतच नाहीत. तेही नको असेल तर एमडीने स्वतः सही करावी, आणि तो एमडी म्हणून नेमलेला आहे हे मास्टर डेटात हुद्द्यासकट दिसतं का ते बघा. नुसता ‘डायरेक्टर’ असेल तर पुन्हा ठराव. एकटा संचालक म्हणजे कंपनी नव्हे.

ई-साइन वैध आहे. पण आधार ई-साइनने सही कुणी केली एवढंच कळतं, कुणाच्या वतीने केली ते नाही. म्हणून सहीच्या चौकटीत कंपनीचं नाव, ‘करिता व वतीने’, हुद्दा आणि ठरावाची तारीख छापलेली असू द्या, आणि ठरावाची प्रत त्याच पीडीएफमध्ये परिशिष्ट म्हणून आत टाका. वेगळ्या मेलने आलेली प्रत नंतर कुणाच्या इनबॉक्समध्ये सापडत नाही.

दिवाळखोरीचं कथन कागदावर सोडू नका. एनसीएलटीच्या, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या, संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधा (महाराष्ट्रातल्या कंपन्या मुंबई खंडपीठाकडे), आणि आयबीबीआयच्या (दिवाळखोरीविषयक नियामक मंडळ) संकेतस्थळावर जाहीर सूचना बघा. अर्ज दाखल झालाय आणि दाखल करून घेतलाय, यात फरक आहे. दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार स्थगित होतात, कारभार न्यायाधिकरणाने नेमलेल्या ‘इंटरिम रिझोल्यूशन प्रोफेशनल’कडे जातो. त्यानंतर एमडीची सही किंवा जुना बोर्ड ठराव, दोन्ही निरुपयोगी. शिवाय मोरॅटोरियम लागतो, वसुलीचे दावे थांबतात. म्हणून हे कथन फक्त सहीच्या दिवसापुरतं नको: ‘प्रत्येक खरेदी ऑर्डरीच्या तारखेला ही कथनं पुन्हा केली असं समजलं जाईल, आणि त्यातलं काही बदललं तर ७ दिवसांत लेखी कळवावं.’ हे दोन्ही बाजूंना लागेल, म्हणजे भागीदार बदलला तर तुम्हालाही कळवावं लागेल.

कोर्टरोड_वकील

आता तिसरा प्रश्न, खोटं निघालं तर.

भारतीय करार अधिनियम, १८७२. मुद्दाम खोटं सांगितलं असेल तर कलम १७, खरं समजून चुकीचं सांगितलं असेल तर कलम १८. दोन्हीत कलम १९ खाली करार रद्द करता येतो, किंवा करार चालू ठेवून ‘कथन खरं असतं तर मी जिथे असतो तिथे मला आणा’ अशी मागणी करता येते. मात्र १९ ला एक अपवाद आहे आणि तो तुमच्यासारख्या प्रकरणात नेमका लागतो: साध्या चौकशीने खरं कळलं असतं तर चुकीच्या कथनाच्या आधारावर करार रद्द करता येत नाही. कंपनीचं नाव नोंदवहीतून काढलेलं पोर्टलवर दिसत होतं आणि तुम्ही पाहिलं नाही, तर समोरचा हेच म्हणेल. म्हणून तपासा, आणि त्या दिवशीच्या मास्टर डेटाची तारीख दिसेल अशी प्रत फाइलला लावा. शिवाय करारात लिहा की तुम्ही केलेल्या चौकशीने त्यांच्या कथनांची जबाबदारी कमी होत नाही. हे वाक्य नसेल तर ‘तुम्हाला तर माहीतच होतं’ असा उलटा बचाव येतो.

रद्द करण्याचा हक्क तुमच्या फारसा कामाचा नाही. माल विणून झाल्यावर करार रद्द करून काय मिळणार? तुम्हाला पैसे हवेत. कलम ७३ खाली नुकसानभरपाई मिळते, पण नुकसान आणि त्याचा भंगाशी थेट संबंध सिद्ध करावा लागतो. म्हणून कथनभंगासाठी वेगळं इंडेम्निटी (नुकसान भरून देण्याच्या हमीचं) कलम घाला: लोगोच्या तयार व अर्धवट मालाची करारातली किंमत, उरलेलं रंगीत सूत, वकील-खर्च. इंडेम्निटी दोन्ही बाजूंना सारखी असेल तर रकमेची मर्यादा बघून घ्या. अस्तित्व आणि अधिकाराच्या कथनांना बहुतेक मसुद्यांत मर्यादा नसते. ‘आमच्या माहितीप्रमाणे’ हे शब्द खटल्यांच्या कथनाला लावा, तिथे रास्त आहेत. स्वतःच्या अस्तित्वाला लावू नका, कुणी मान्य करणार नाही, आणि करूही नये. ‘अंमलबजावणीयोग्य’ला मात्र ‘दिवाळखोरी कायदा व न्यायालयाचा विवेकाधिकार यांच्या अधीन’ ही पुस्ती घालायलाच हवी, कारण तो कायद्याचा निष्कर्ष आहे, तुमच्या हातातली वस्तुस्थिती नाही.

अधिकार नसताना सही केली असेल तर दोन वाटा. कंपनीने नंतर मान्यता दिली असं दाखवणं (कलम १९६-१९७, मान्यता वागण्यातूनही होते). यासाठी कागद आजपासून सांभाळा: कंपनीच्या डोमेनवरून आलेले मेल, त्यांच्या गोडाऊनची पोच, ई-वे बिलं, कंपनीच्या खात्यातून आलेली आगाऊ रक्कम, तुमच्या बिलावर त्यांनी घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट. संचालकाच्या वैयक्तिक खात्यातून आलेला पैसा मान्यतेचा पुरावा म्हणून लंगडा पडतो, तो परत पाठवून कंपनीच्या खात्यातून मागा. कंपनी साफ नाकारत असेल तर कलम २३५: अधिकार आहे असं खोटं सांगून करार करवणाऱ्या माणसाकडून वैयक्तिक भरपाई. त्यात वसुली त्याच्या ऐपतीइतकीच.

आणि करारानंतर कंपनीचंच नाव नोंदवहीतून निघालं तर धनको म्हणून कंपनी अधिनियमाच्या कलम २५२(३) खाली एनसीएलटीकडे ते परत लावून घेण्याचा अर्ज करता येतो. राजपत्रातल्या सूचनेपासून २० वर्षांची मुदत आहे. तसंच कलम १६४ खालच्या अपात्र संचालकाने सही केली म्हणून लगेच घाबरू नका. दोष नंतर उघड झाला तर कलम १७६ त्याच्या आधीच्या कृतीला संरक्षण देतं. दोष कंपनीला माहीत झाल्यावरच्या कृतीला नाही.

बंदरमार्गे

सोलापूरचा बराच टेरी माल बाहेर जातो, म्हणून निर्यात करणाऱ्यांसाठी थोडं. परदेशी खरेदीदाराची अशी कथनं इथे बसून थोडीफार तपासता येतात. इंग्लंडची कंपनी असेल तर कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर संचालक आणि दाखल कागद फुकट दिसतात. अमेरिकेत नोंदणी राज्यनिहाय असते. त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून ‘गुड स्टँडिंग’चं प्रमाणपत्र निघतं. तिथे या शब्दाला ठरलेला अर्थ आहे, आपल्यासारखी व्याख्या घालत बसावी लागत नाही. सही करणाऱ्यासाठी ‘इनकम्बन्सी सर्टिफिकेट’ (तो त्या पदावर आहे याचं कंपनीचं प्रमाणपत्र) मागा, मोठा सौदा असेल तर अपोस्टीलसह (परदेशी दस्ताचं सरकारी प्रमाणीकरण).

मुंबई-दिल्लीचा एजंट परदेशी व्यापाऱ्याच्या वतीने सही करत असेल तर करार अधिनियमाचं कलम २३० लक्षात ठेवा. परदेशात राहणाऱ्या व्यापाऱ्यासाठी मालाची खरेदी-विक्री करणारा एजंट, उलट काही ठरलेलं नसेल तर, स्वतः बांधील आहे असं गृहीत धरलं जातं. म्हणूनच एजंटांच्या मसुद्यात ‘एजंट वैयक्तिकरीत्या जबाबदार नाही’ ही ओळ बारीक अक्षरात असते. ती खोडायला सांगा, किंवा त्या बदल्यात एलसी (बँकेचं पतपत्र) घ्या.

ताणाबाणा_सोलापूर

उतारा आला. चारपैकी तीनच नावं आहेत, धाकट्या भावाची नोंद राहिलीय. ते काम आधी करतो. कंपनी ठरावाचा उतारा द्यायला तयार झाली. शेवटचं: ‘अंमलबजावणीयोग्य’ म्हटलंय तर १०० रुपयांच्या स्टँपवर चालेल का? पेपर माझ्या नावावर आणून ठेवलाय.

कोर्टरोड_वकील

दोन्ही बदला. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या जागी ५०० झालेत. आणि पेपर करारातल्या पक्षाच्या नावे लागतो, म्हणजे फर्मच्या किंवा कंपनीच्या. तुमच्या वैयक्तिक नावावरचा पेपर वापरला तर दस्त रीतसर मुद्रांकित नाही अशी हरकत महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४ खाली येते. ५०० वर भागेलच असंही नाही. निव्वळ मालविक्रीचा करार, आगाऊ-तारण-हमी असलेला करार, यांना वेगवेगळी कलमं लागतात. शंका असेल तर कलम ३१ खाली मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून शुल्क ठरवून घ्या, मसुद्यावरही घेता येतं.

कमी स्टँपने करार शून्य होत नाही. लवाद-कलमाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं: दस्त पुराव्यात घेता येत नाही, पण तो दोष भरून काढता येतो. फक्त तो भरून काढायची वेळ वसुलीच्या ऐन मोक्यावर येते, दंडासकट.

धाकट्या भावाची नोंद होऊन नवा उतारा हातात येईपर्यंत सहीची तारीख टाकू नका. अधिकारपत्रावर चौघांच्या सह्या घ्या आणि त्याची तारीख कराराच्या तारखेच्या आधीची किंवा तीच ठेवा, नंतरची नको.